गॅलरीत उभा माणूस

मल्लेश्वरममधल्या आमच्या घराच्या गॅलरीत सकाळी उभं राहिलं, की समोरचे गृहस्थ स्कूटर पुसताना दिसतात. कनकांबराचे गजरे घेऊन फूलवाली ‘हूवा’ म्हणत जाते. आपल्याला सगळे दिसतात आणि वर मान करून कुणी पाहत नाही, हेच गॅलरीचं सुख. चित्रकार भूपेन खख्खर यांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्राची प्रत मी कितीदा तरी उघडली असेल, पण बंगळूरला राहायला आल्यावर ते मला जरा जास्त उमगू लागलं.

चित्र 1981चं, तैलरंगातलं, जवळजवळ पावणेदोन मीटरचा चौरस. गॅलरीत एक उतारवयाचा माणूस उभा आहे. अंगावर एक चिंधीही नाही. तो आपल्याकडे पाहत नाही, बाहेर पाहतो आहे. तिथे झाडं-घरं आहेत, रोजचे व्यवहार चालू आहेत आणि त्यांच्यामधूनच बाप, लेक आणि गाढव चालले आहेत. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली ती गोष्ट. लोक काहीबाही बोलतात, त्याप्रमाणे कधी बाप बसतो, कधी लेक, आणि शेवटी गाढवच हातचं जातं.

गोष्टीतले प्रसंग चौकटी पाडून वेगळे केलेले नाहीत. तेच बापलेक एकाच भूमीवर पुन्हा पुन्हा भेटतात. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे पिंगुळीचे चित्रकथी एक चित्र बाजूला सारून दुसरं पुढे करतात. इथे सगळी चित्रं एकदमच पुढ्यात आहेत, अजिंठ्याच्या भिंतीवरच्या जातककथांसारखी. काळ पुढे सरकत नाही, नुसता पसरलेला असतो. म्हणून गॅलरीतल्या माणसाला गोष्टीचा आरंभ आणि शेवट एकाच नजरेत दिसतो. बापलेकांना ती सोय नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी म्हण सांगून आपण ही गोष्ट निकालात काढतो. खख्खर मात्र तिथे थांबत नाहीत. त्यांचा माणूस जनाचं ऐकत नाही आणि मनाचं अजून करतही नाही. तो फक्त कपडे उतरवून उभा आहे. अंग देखणं नाही, सैलावलेलं आहे. आव्हान नाही, लाजही नाही. आंघोळीनंतर घरात कुणी नसताना माणूस जसा असतो, तसा तो आहे. फक्त तो गॅलरीत आहे, आणि तिथे तो दिसू शकतो. चित्राचा सगळा ताण या एका पावलात आहे. आई 1980 साली गेली, त्यानंतर खख्खर आपल्या समलैंगिकतेबद्दल चित्रांतून उघड बोलू लागले. हा माणूस म्हणजे ते स्वतःच, असं सहसा मानलं जातं.

हे चित्र रंगवलं त्याच वर्षी, 1981मध्ये, मुंबईच्या जहांगीर कलादालनात आणि दिल्लीच्या रवींद्र भवनात ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन असे सहाजण. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी मानवाकृतीची बाजू घेणारा लेख लिहिला. अमूर्त चित्रांचा दबदबा होता, आणि पश्चिमेत तर कल्पना पुरेशी आहे, चित्र कशाला, इथवर मजल गेली होती. अशा वेळी यांचं म्हणणं होतं, चित्रात माणसाला जागा द्या. पटवर्धन सहाजणांत सर्वांत लहान, 32 वर्षांचे, ठाण्यातले रेडिओलॉजिस्ट. खख्खर मुंबईत जन्मलेले सनदी लेखापाल. दोघेही चित्रकला बहुतांशी स्वतःच शिकलेले. एकजण दिवसभर एक्स-रे वाचणारा, दुसरा हिशेबाच्या वह्या. माणसाचा कैवार घ्यायला असे दोघे हवेतच.

पण पटवर्धनांची माणसं रस्त्यावर, रेल्वेत, कामावर असतात. खख्खर यांनी जागा मागितली ती स्वतःसाठी, तीही गर्दीच्या जरा वर. झेंड्याखाली उभं राहायला हा माणूस तसा गैरसोयीचाच. झेंडाही पुढे एकाच जागी राहिला नाही. सुंदरम आणि मलानी 1990च्या दशकात कॅनव्हास ओलांडून मांडणशिल्पांकडे गेले, तर पटवर्धन आजही रंगवतात. मला यात फितुरी दिसत नाही. तरुणपणी घेतलेली भूमिका म्हणजे काही लग्नगाठ नव्हे.

अशीच चित्राची बाजू घेत 1999मध्ये लंडनला चार्ल्स थॉमसन आणि बिली चाइल्डिश यांनी ‘स्टकिझम’ ही चळवळ उभी केली. जो रंगवत नाही तो कलावंतच नव्हे, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढे टर्नर पुरस्काराच्या वेळी ही मंडळी विदूषकाच्या वेषात टेट या कलासंग्रहालयाच्या दारात निदर्शनं करू लागली. गंमत अशी, की त्याच टेटने 1996मध्येच खख्खर यांचं हे चित्र विकत घेतलं होतं. चित्राला जागा मागणारी मंडळी दारात, आणि नागडा माणूस केव्हाच आत!

2016 साली टेट मॉडर्नमध्ये खख्खर यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते स्वतः 2003मध्येच गेले होते. ब्रिटनमधल्या एका नामांकित दैनिकाच्या समीक्षकाने प्रदर्शन झोडपून काढलं. त्या प्रदर्शनाला याच चित्राचं नाव दिलेलं होतं.