भिंतीवरचा कुत्रा आणि पिंजऱ्यातला कुत्रा

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंबरोबर एका प्राणी-आश्रयगृहात जाण्याचा योग आला. बाई सत्तरीच्या, यजमान वारलेले, मुले दूर. सोबतीला कुत्रा असावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. दत्तक देण्याच्या जाहिरातीत त्यांना एक तपकिरी कुत्रा आवडला होता. काचेसारखे डोळे, तुकतुकीत तोंड, मागे हिरवळ. प्रत्यक्षात पिंजऱ्यातून बाहेर आला तो पांढऱ्या तोंडाचा म्हातारा जीव. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. संगणकावर त्याचा डोळा साफ केला होता, पिकलेले केस रंगवले होते आणि हिरवळ उसनी आणली होती.

बाई म्हणाल्या, "म्हातारा आहे असं सांगितलं असतं तरी मी आले असते गं. माझ्या तरी डोळ्यांची ऑपरेशनं झालीच ना? पण यांनी डोळा लपवला, तर आणखी काय लपवलं असेल?" आम्ही तशाच परतलो. नुकसान झाले ते त्या कुत्र्याचे.

छायाचित्रावर हात फिरवणे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. काळा कुत्रा पांढऱ्या भिंतीपुढे उभा केला, तर कॅमेरा भिंतीच्या उजेडाला फसतो. काळ्या तोंडातले डोळे दिसतच नाहीत, नुसता डाग उमटतो. तो भाग उजळला तर कुत्रा आहे तसाच दिसतो. फ्लॅशमध्ये कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. ती चमक काढणेही योग्यच. कॅमेऱ्याची चूक सुधारणे ही दुरुस्ती; जनावराचा दोष पुसणे ही फसवणूक. वॉर्डात आम्ही पट्टी बांधत असू ती जखम भरावी म्हणून, डॉक्टरांना दिसू नये म्हणून नव्हे.

चांगल्या छायाचित्राचा उपयोग होतो, हेही खरे. 2015 साली लॅब्रेडॉर संकराच्या कुत्र्यांच्या अशा छायाचित्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उघड्यावर काढलेले, कुत्रा उभा असलेले आणि कॅमेऱ्याकडे पाहत असलेले छायाचित्र असेल, तर त्याला घर लवकर मिळते असे त्यात आढळले. हे सारे साधायला थोडा वेळ आणि सबुरी पुरते, खोट्या रंगाची गरज नाही.

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. मिश्नाच्या बाबा मेत्सिया या भागात चौथ्या अध्यायाच्या शेवटी निर्बंध आहे, की विकताना माणूस (म्हणजे त्या काळचा गुलाम), जनावर किंवा भांडे नटवून दाखवू नये. त्यावरील गमारात दाढीला कलप लावून तरुण म्हणून खपलेल्या वृद्ध गुलामाची गोष्ट आहे. जनावराला कोंड्याचे पाणी पाजून टवटवीत दाखवण्याची युक्तीही तिथे येते. नव्या भांड्याला रंग देण्यास मात्र हरकत नाही. जुने नवे म्हणून दाखवणे निषिद्ध.

कोणी म्हणेल, इथे विक्री कुठे आहे? स्वयंसेवक बिचारे मुक्या जिवासाठी झटतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवून बैलालाही विसावा देणाऱ्या शनिवार तेल्यांची आपण लेकरे. जनावराची कणव आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु 'गनेवत दाअत', म्हणजे दुसऱ्याच्या मनाची चोरी, ही पैशाचे नुकसान झाले नाही तरी चोरीच ठरते.

इस्रायलात 2012 साली क्नेसेतने कायदा केला आणि तो 2013 च्या आरंभापासून लागू झाला. जाहिरातीतली मॉडेल संगणकाने अधिक सडपातळ दाखवली असेल, तर तसे त्या जाहिरातीवरच छापावे लागते. तरुण मुलींना खोट्या देहाची भुरळ पडू नये, हा उद्देश. कुत्र्याच्या छायाचित्राला हा कायदा लागू नाही. पण आश्रयगृहांनी ती रीत आपणहून पाळायला काय हरकत आहे? आता तर संगणक क्षणात कुठलाही कुत्रा कुठल्याही बागेत उभा करतो. म्हणून ही शिस्त अधिकच हवी.

फसून नेलेला कुत्रा परत येण्याचा धोका मोठा, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा घर सुटल्याचे दुःख. त्यापेक्षा डोळा आहे तसा दाखवा आणि खाली लिहा: वय झालेले, एक डोळा अधू, स्वभाव शांत, थोड्या चालण्यावर समाधानी. आमच्या शेजारणीसारख्या बाईला अगदी असाच कुत्रा हवा असतो.