देवमासा आणि ड्रॅगन : रूपांतरातील एक प्रश्न

हर्मन मेल्व्हिलच्या ‘मॉबी-डिक’ (१८५१) या कादंबरीतील समुद्र आणि देवमासा वगळून त्यांच्या जागी हिमाच्छादित भूमी आणि ड्रॅगन योजले, तर मूळ संहितेतील काय उरते? रायन लिटल दिग्दर्शित ‘एज ऑफ द ड्रॅगन्स’ (२०११) या चित्रपटामुळे हा प्रश्न उपस्थित होतो. त्यात आहाब (डॅनी ग्लोव्हर) आहे, त्याचा सूड आहे; ‘पीक्वॉड’ मात्र जमिनीवर चालते. तेलाची जागा ड्रॅगनच्या शरीरातील मोलाचा द्रव घेतो. म्हणजे शिकारीमागील अर्थव्यवहारही शाबूत आहे.

मूलनिष्ठेच्या निकषावर असा चित्रपट नाकारणे सोपे, पण अपुरे आहे. खरी उणीव वेगळी आहे. मेल्व्हिलचा देवमासा आधी प्राणी आहे, मग प्रतीक. बत्तिसाव्या प्रकरणात इश्माएल देवमाशांचे वर्गीकरण मांडतो आणि ते अपुरेच सोडतो. वास्तव ज्ञानाला पुरून उरते, म्हणूनच तेथे अनेकार्थता संभवते. ड्रॅगन आरंभापासून प्रतीकच असतो. अर्थनिर्णयाला विरोध करील असे वास्तव त्याच्यापाशी नसते.

मराठी वाचकाला हा भेद ‘देवमासा’ या शब्दातच सापडेल. वेळणेश्वरला शिवालय आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहेत. त्याच किनाऱ्याने दक्षिणेस, गणपतीपुळ्याला, नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. त्याला पाण्यात लोटण्यासाठी माणसे झटली, तरी ते वाचले नाही. हे मरणाधीन शरीर ड्रॅगनला नाही. रूपांतरकाराने समुद्र खुशाल सोडावा. पण ‘मासा’ सोडला, तर ‘देव’ही उरत नाही.