पडशी कोणाच्या खांद्यावर?

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसले तर फराळाच्या ताटात चकली राहून गेल्यासारखे वाटते, आणि संपादकमंडळींना हे चांगले ठाऊक असते. एके काळी ही वर्णने काशी-रामेश्वराची असत, पुढे लंडन-पॅरिसची आली. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. परदेशातली एखादी जुनी यात्रेची वाट पायी चालून यायचे, बरोबर वाटाड्या नाही की मंडळी नाहीत, आणि घरी परतल्यावर त्यावर लिहायचे. या लेखनाचे पीक आता इतके आले आहे की, वाङ्मय म्हणून त्याची पाखडणी करावयास हरकत नाही.

निमित्त घडले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो स्पेन देशातील सांतियागोपासून समुद्रकाठच्या फिस्तेर्रापर्यंत चालून आला आणि आपली वही माझ्या हाती देऊन म्हणाला, "सर, छापण्याजोगे आहे का, तेवढे सांगा." वहीबरोबर त्याने प्रवासी कंपनीची छापील पुस्तिकाही दिली. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, त्यामुळे इंग्रजी मजकूर मी शब्दकोश उशाशी ठेवून वाचतो. पण सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो, काय लिहिले नाही तेही ध्यानात येते. त्याला जो अभिप्राय मी कळवला, त्यातला चारचौघांच्या उपयोगाचा भाग येथे मांडतो.

या सहलीची तऱ्हा अशी. आपण पैसे भरायचे. कंपनी गावोगावच्या लहान हॉटेलांत खोल्या राखून ठेवते, फोनमध्ये नकाशा भरून देते, अडीअडचणीला एक नंबर देते. सकाळी मोठी बॅग, नावाची चिठ्ठी बांधून, हॉटेलच्या दाराशी ठेवायची; ती मोटारीतून पुढच्या मुक्कामी जाते. चालणाऱ्याच्या पाठीवर पाण्याची बाटली, रेनकोट आणि थोडा खाऊ, एवढेच ओझे. वाट चुकण्याचेही भय फारसे नाही. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८०नंतरच्या दशकात या यात्रेच्या मुख्य वाटेवर पिवळ्या रंगाचे बाण रंगवण्यास आरंभ केला. आज ते बाण सगळीकडे भेटतात. त्या काळी वर्षाकाठी हजारभर यात्रेकरूही सांतियागोला पोहोचत नसत. २०२४ साली ती संख्या पाच लाखांच्या घरात गेली.

सांतियागो हे येशूचा शिष्य संत याकोब याच्या समाधीचे क्षेत्र. तेथवर निदान शंभर किलोमीटर पायी आल्यास कॅथीड्रलकडून प्रमाणपत्र मिळते. तेथून पश्चिमेला समुद्रापर्यंतची सुमारे नव्वद किलोमीटरची वाट मात्र देवाकडे पाठ करून जाते. तिच्यासाठी कॅथीड्रलचे प्रमाणपत्र नाही. फिस्तेर्रा आणि मुशीया ही किनाऱ्यावरची गावे आपापले देतात. रोमन लोकांनी या टोकाला पृथ्वीचा अंत म्हटले, त्यावरून गावाचे नाव. आख्यायिका सांगते की, संताचा देह नावेतून याच मुलखात आला आणि त्याला मूठमाती देण्याची परवानगी मागायला शिष्य या टोकाजवळच्या दुगियम नगरीत गेले. तिथे त्यांना कैद झाली. ते निसटले, आणि पाठलाग करणारे सैनिक पुलावर येताच पूल कोसळला. नेग्रेइरा गावाच्या मुद्रेवर तो मोडका पूल आजही आहे. यात्रेकरूंची खूण असलेला शिंपलाही समुद्राचाच. तेव्हा क्षेत्र पाहून झाल्यावर माणसाची पावले पाण्याकडे वळावीत, यात नवल नाही.

या यात्रेची जुनी मार्गदर्शिका बाराव्या शतकातली आहे. 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' नावाच्या हस्तलिखिताचा ती पाचवा भाग. तिचा कर्ता भलताच तापट. कुठल्या नदीचे पाणी प्यावे आणि कुठले पिऊ नये हे तो सांगतो, आणि सांगता सांगता खारट नदीच्या काठी सुऱ्या परजीत बसलेले दोघे जण दाखवतो. यात्रेकरूचा घोडा पाणी पिऊन मेला की त्याचे कातडे सोलायला ते टपलेले. नावाडी होडीत माणसे कोंबतात आणि होडी उलटली की बुडालेल्यांची चीजवस्तू लुटतात, असे तो लिहितो. काही मुलखांतल्या लोकांबद्दल तर इतके विखारी लिहितो की ते आज कोणी छापणार नाही. पूर्वग्रह त्याच्यात भरपूर आहेत. पण त्याची वाट माणसांनी गजबजलेली आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मार्तिरोस नावाचा एक आर्मेनियन बिशप सांतियागोहून या टोकाला गेला. वाटेत त्याला 'वाक्नेर' नावाचे भयंकर जनावर भेटले, असे तो सांगतो. ते अस्वल की लांडगा की नुसती भीती, याचे तर्क अजून चालतात. त्या माळावर आता त्याचा मोठा पुतळाही उभा आहे. मला त्या हकिकतीत जनावरापेक्षा गावकरी अधिक आवडतात. वीस-वीस जणांचा जथाही जिथून जाऊ धजत नाही, तिथून तू एकटा कसा वाचलास, असे ते त्याला विचारतात. त्याच्या संकटाला गावचा साक्षीदार आहे.

आता कंपनीची पुस्तिका उघडावी. भाषा सभ्य, माहिती चोख. अमुक ठिकाणी चढ, अमुक फाट्यावर डावीकडे, इथे धान्याचे उंच दगडी कणगे पाहावेत, इथे कॉफी मिळेल. ओस्पिताल या वस्तीशी वाट दुभंगते, एक फिस्तेर्राला जाते आणि एक मुशीयाला. दोन्हीकडचे किलोमीटर दिलेले आहेत. चुकीचे काही नाही. परंतु सबंध पुस्तिकेत एकही माणूस नाही. कॉफी 'मिळते', बॅग 'पोहोचते', खोली 'तयार असते'. व्याकरणात ज्याला आपण कर्ता म्हणतो, तो हद्दपार झालेला आहे. पुस्तिकेचे काम वाट दाखवण्याचे, ती बिचारी ते करते. तिच्यावर माझा राग नाही. गाऱ्हाणे असे की, ती वाचून निघालेला प्रवासी परत येऊन पुस्तिकेच्याच भाषेत लिहू लागतो.

याला जगप्रसिद्ध लेखकांचाही थोडा हातभार आहे. पाउलो कोएल्यो यांनी या यात्रेवर १९८७ साली पुस्तक लिहिले. त्यात नायक हरवलेल्या तलवारीच्या शोधात चालतो. गावे, डोंगर आणि माणसे त्याच्या आत्मिक साधनेच्या पायऱ्या होतात. हापे केर्केलिंग या जर्मन विनोदवीराचे २००६ सालचे पुस्तक मला त्याहून प्रांजळ वाटते, कारण तो आपली कुरकूर आणि मऊ बिछान्याची हौस लपवत नाही. पण या पुस्तकांच्या यशाने एक समजूत रुजली की, यात्रेची वाट हा आरसा आहे आणि त्यात स्वतःला पाहून यायचे. आमच्या नव्या प्रवासवर्णनकारांनी हा आरसा घाऊक भावाने खरेदी केला आहे.

वास्तविक मराठी वाचकाला याहून कसदार लेखनाची सवय आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक १८५७च्या वणव्यात सापडला, लुटला गेला. आत्मशोध हा शब्द त्याच्या ओठी नाही, तरी त्याच्या पानापानांत तो स्वतः दिसतो. कारण त्याला दर मुक्कामी कोणाकडे तरी काहीतरी मागावे लागते. मागणाऱ्याला देणाऱ्याचा चेहरा विसरता येत नाही.

इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख 'परिपूर्ती'मध्ये आहे. चालणे एकत्र, अभंग एकत्र, आणि जेवणाच्या पंगती मात्र जातीनुसार वेगळ्या, हे पाहून बाईंच्या जिवाला जो चटका बसतो, तो त्या लेखाचा प्राण आहे. दि. बा. मोकाशी यांची 'पालखी' १९६४ साली आली. श्रद्धा आणि शंका दोन्ही पडशीत टाकून ते १९६१च्या वारीत चालले आणि वारकऱ्यांची बोलणी, दमणूक, पाऊस, सारे त्यांनी टिपले. या दोन्ही लेखकांनी स्वतःला लपवले नाही. दुसऱ्याकडे पाहताना ते आपोआप दिसले.

यावरून, दिंडीत चालणे तेवढे खरे आणि एकट्याची परदेशी सहल तेवढी खोटी, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. बॅग मोटारीतून गेली म्हणून यात्रा बाटत नाही. आळंदी ते पंढरपूर मी दोनदा चाललो आहे. दिंडीचे तंबू, शिधा आणि वळकट्या ट्रकमधूनच जातात, आणि त्यामुळे कोणाचे पुण्य उणे झाल्याचे मी ऐकले नाही. शिवाय दिंडीला जशी सोबत आहे तशी शिस्त आहे, मान आहे आणि मानाचा क्रमही आहे. इरावतीबाईंना ज्या पंगतीने दुखावले, ती पंगत एकट्या प्रवाशाला मांडावी लागत नाही. आडनाव न सांगता कोणाच्याही शेजारी जेवता येते. संसारात चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या पावलांशी पाऊल जुळवत आलेल्या एखाद्या बाईला चार दिवस आपल्या चालीने चालता आले, तर त्या सुखाला मी हसणार नाही. एकट्याने चालावे. प्रश्न एकट्याने चालण्याचा नाही. आपण एकटे चाललो हे खरेच खरे आहे का, हा आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत साठ पाने आहेत. अठ्ठावन्न पाने पुस्तिकेची आणि आरशाची आहेत: किती पावले झाली, पायाला किती फोड आले, धुके कसे होते, मौनात काय गवसले. परंतु दोन पाने निराळी आहेत. एका मुक्कामी तो ठरल्या वेळेआधी पोहोचला. बॅगांची मोटार नुकतीच दाराशी आली होती आणि पन्नाशीचा एक गृहस्थ एकेक बॅग उतरवून जिन्याने वर नेत होता. याची बॅग सर्वांत जड. ती उचलताना त्याने क्षणभर कमरेवर हात ठेवला. विद्यार्थी पुढे झाला, दोघांनी मिळून ती वर नेली. भाषा एकमेकांना कळत नव्हती. वर गेल्यावर त्या गृहस्थाने बोटांनी खूण करून विचारले, आत काय आहे, दगड? विद्यार्थ्याने बॅग उघडून दाखवली: चार जोड कपडे, तीन जोड बूट, दोन पुस्तके, चिवड्याचे डबे. दोघांनी चिवडा खाल्ला. बस्स, इतकेच. पण या दोन पानांत वाक्ये लहान झाली आहेत, विशेषणे गळाली आहेत, आणि मोटारीच्या दाराचा आवाजही ऐकू येतो. त्याला मी लिहिले की, बाकीची अठ्ठावन्न पाने बाजूला ठेव आणि इथून सुरुवात कर.

मुशीयाच्या वर्णनात मात्र त्याने हाती आलेले सोने टाकून दिले. १३ नोव्हेंबर २००२ रोजी या किनाऱ्यापुढे 'प्रेस्टिज' नावाचे तेलवाहू जहाज संकटात सापडले. सुमारे ७७,००० टन जड तेल त्याच्या पोटात होते. सहा दिवसांनी ते दुभंगून बुडाले. काळ्या चिकट लाटा प्रथम मुशीयाच्याच खडकांवर आल्या. त्या हिवाळ्यात स्पेनच्या कानाकोपऱ्यांतून हजारो माणसे, पुष्कळशी तरुण, या किनाऱ्यावर आली. अंगात पांढरे झगे घालून, फावड्यांनी आणि हातांनी, दगड न् दगड खरवडून त्यांनी तेल काढले. बादल्या हातोहात पुढे गेल्या. मासेमारी बंद पडलेले कोळीही त्यांच्या शेजारी उभे होते. त्याची आठवण म्हणून तिथे एक प्रचंड दुभंगलेली शिळा उभारली आहे. तिचे नाव 'जखम'. वहीत तिची उंची आणि वजन बिनचूक उतरले आहे. ती कोणाची जखम आणि ती कोणी धुतली, याला मात्र एक ओळही नाही. समुद्राकडे जाणाऱ्या सगळ्या यात्रांत मला ती हिवाळ्यातली यात्रा थोर वाटते. तिथे जाणाऱ्याने निदान एखाद्या म्हाताऱ्या कोळ्यासमोर उभे राहून, हातवाऱ्यांनी का होईना, तिची विचारपूस करावी.

फिस्तेर्राच्या दीपगृहाजवळ ०.०० किलोमीटर कोरलेला दगड आहे. दीपगृह १८५३ सालचे. या दगडाशी येऊन सगळेच प्रवासवर्णनकार गहिवरतात आणि पृथ्वीच्या अंताविषयी चिंतन करतात. भूगोलाचा मास्तर म्हणून सांगतो, ते स्पेनचेही पश्चिम टोक नव्हे; तौरिन्यान नावाचे भूशिर त्याहून पश्चिमेला आहे. अंत तिथे आहे तो माणसांनी शतकानुशतके तसा मानला म्हणून. पूर्वी यात्रेकरू तिथे जुने कपडे जाळीत. आता त्याला मनाई आहे, कारण खडक काळे होतात आणि राख कोणाला तरी झाडावी लागते. पुस्तिकेत फक्त मनाई छापली आहे. झाडणारा तिथेही नाहीच.

यंदाच्या सुटीत आपल्यापैकी कोणी अशा वाटेला जाणार असेल, तर खुशाल जावे. बॅग मोटारीत द्यावी, पाय जपावेत, मौनही पाळावे. परत येऊन लिहावयास बसलात तर पहिल्या पानावर एवढे सांगा की, तुमची पडशी कोणी उचलली, बिछाना कोणी घातला, सकाळची कॉफी कोणी गाळली. नाव कळले नसेल तर हात कसे होते ते लिहा. मग तुम्हाला काय गवसले ते आम्ही वाचक पुढच्या पानांत आनंदाने शोधू.