वीस तोंडांचा फासा

नातू सुट्टीत चंद्रपूरला आला तो तीन जाडजूड पुस्तके नि वीस तोंडांचा फासा घेऊनच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'! गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा १९७४ सालचा खेळ. "आजोबा, गोष्ट तुम्ही चालवायची," त्याने फर्मावले. एरवी हा माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. म्हटले, बरं!

चार रात्री तयारी केली. राक्षस पाठ केले. परकोटाचा नकाशा काढून जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर, चारही दरवाज्यांवर पहारे बसवले. "काहून जी, परीक्षेले बसता का?" सौभाग्यवतींनी विचारले.

खेळाडू म्हणजे नातू आणि शेजारची दोन पोरे. लढाई राहिली बाजूला, पोरे पहारेकऱ्याशी गप्पाच मारत बसली! माझी सगळी तयारी पाण्यात.

पुस्तकांवर माझा आक्षेप तो हाच. नियम ढीगभर, पण यजमानाने पाहुण्यांना बोलू कसे द्यावे, हे मला काही त्यांत सापडले नाही. ते आमच्या झाडीपट्टीत सापडते. वडशाच्या मंडळ्यांची नाटके रात्रभर रंगतात, ती समोरच्या माणसांकडे बघून. गडचिरोलीच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ती काही कोष्टके पाठ करून नव्हे!

मी पुस्तक मिटले.

"पहारेकऱ्याचं नाव काय, आजोबा? त्याला मुलं किती?" नातवाने विचारले.

माझ्या यादीत फक्त राक्षस होते. "तूच सांग," मी म्हणालो.

रात्री दोनपर्यंत तो सांगत होता.