अस्सल, नक्कल आणि प्रत : चित्रांच्या छापील आवृत्त्यांविषयी काही विचार

चित्रकाराच्या हातून एकदाच उतरलेले चित्र अंकीय प्रतिमेच्या रूपाने साठवावयाचे आणि तिच्यावरून छापील प्रती काढून विकावयाच्या, हा व्यवहार आता सर्वत्र रूढ झाला आहे. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे 58 ते 68 किलोमीटर अंतरावर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील चित्रकाराला, महानगरातील कलादालनांची वाट न पाहता ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु या व्यवहाराची परिभाषा शिथिल आहे, आणि तिच्या शैथिल्याची किंमत अखेर चित्रकार व ग्राहक या दोघांनाही मोजावी लागते. प्रस्तुत टिपणात तिचाच विचार करावयाचा आहे.

मराठीला या विषयाची परिभाषा नव्याने घडविण्याची गरज नाही. दप्तरी भाषेत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे अरबीतून आलेले शब्द परस्परविरोधी नव्हते, परस्परपूरक होते. ‘असल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असलेला कागद विश्वासार्ह ठरे, कारण अस्सलाशी त्याची रुजुवात झालेली असे. ‘नक्कल’ या शब्दाला लबाडीचा व विडंबनाचा वास पुढे चिकटला. याउलट संस्कृत ‘प्रति’पासून आलेला ‘प्रत’ हा शब्द पाहावा. त्याचा एक अर्थ उतारा, तर दुसरा दर्जा : ‘उत्तम प्रतीचा माल’ असे आपण सहज म्हणतो. प्रत असणे म्हणजे हीन असणे नव्हे. प्रतीलाही तिचा स्वतःचा दर्जा असतो, हे या शब्दाच्या वापरातच मान्य झालेले आहे.

या भूभागाला प्रतिकृतीचा इतिहासही आहे. अंबरनाथ येथील शिवालयाच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हा काल व शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. 1868 साली मुंबई सरकारने कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकरवी या मंदिराची आरेखने व त्यावरील शिल्पांचे साचे करवून घेतले. त्या साच्यांना कोणी मंदिर म्हटले नाही, आणि म्हणूनच ते अभ्यासाच्या उपयोगी पडले. उल्हासनगरच्या मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांचा विनोद सर्वपरिचित आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन पडलेल्या आणि 1949 मध्ये वसाहतीला हे नाव मिळालेल्या निर्वासितांच्या उद्यमशीलतेवर तो विनोद अन्याय करतो; तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आक्षेप नकलेवर नसतो, नकलेवर लावलेल्या खोट्या नावावर असतो.

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तेव्हा तैलचित्राचे पृथक्करण करून एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. हे काम कुशल कारागिराचे असे. छापलेले चित्र हे मुळाचे एक प्रकारचे भाष्यच ठरे आणि पाहणाऱ्याला ते कळतही असे. आजच्या पद्धतीत हे भाष्य दृष्टीआड गेले आहे. 20 इंच बाय 30 इंचांचे चित्र इंचाला 300 बिंदू या प्रमाणात टिपले, तर 5 कोटी 40 लक्ष बिंदूंची प्रतिमा मिळते. पण पडद्यावरील प्रकाशाचे रंग कागदावरील शाईत उतरताना काही छटा अपरिहार्यपणे बदलतात. प्रमाणित रंगपट्टी शेजारी ठेवून रुजुवात केली नाही, तर यंत्राने केलेला अर्थच चित्रकाराचा म्हणून खपतो.

नावांची गोष्टही अशीच आहे. शाईचे सूक्ष्म तुषार उडविणाऱ्या यंत्रावरील छपाईला ‘झिक्ले’ हे नाव 1991 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील जॅक दुगान या मुद्रकाने दिले. ते ज्या फ्रेंच धातूवरून घडविले त्याचा अर्थ चिळकांडी उडणे एवढाच आहे. कार्यालयातील छपाईयंत्राची आठवण येऊ नये, हा त्या शब्दाचा खरा हेतू.

परंतु सर्वांत विचारणीय शब्द ‘मर्यादित आवृत्ती’ हा होय. कोरलेला ताम्रपट छापता छापता झिजे. शिळेवरील चित्र घासून टाकले की ती आवृत्ती संपे. तेथे मर्यादा वस्तूत होती. अंकीय प्रतिमा झिजत नाही. प्रतीखाली ‘50 पैकी 7’ असे लिहिले असता पन्नासाची मर्यादा केवळ त्या लिहिण्यातच असते. ‘वचन’ हा शब्द व्याकरणात संख्या आणि व्यवहारात शपथ असे दोन्ही अर्थ वाहतो. येथे ते दोन्ही एकत्र आले आहेत. वचन मोडले तर आधीच्या सर्व प्रतींचे मोल उतरते.

कायदा येथे काही अंशीच साहाय्य करतो. 1957 च्या प्रताधिकार कायद्यान्वये चित्र विकल्याने ते छापण्याचा अधिकार आपोआप विकला जात नाही. तो देण्यास लेखी करार लागतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. कलम 53 अ नुसार चित्राची ‘मूळ प्रत’ 10,000 रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकली गेल्यास चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागता येतो; छापील प्रतींचा उल्लेख तेथे नाही. म्हणून छापील प्रतीचे सारे रक्षण तिच्यासोबतच्या शब्दांवरच अवलंबून राहते.

यास्तव प्रत्येक प्रतीसोबत चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात : अस्सल चित्राचे माध्यम व आकार, कागद व शाई, रंगांची रुजुवात कोणी केली, आणि सर्व आकारांत मिळून एकूण किती प्रती निघणार. यांपैकी शेवटची अट विशेष महत्त्वाची; कारण आकार बदलून तीच आवृत्ती पुन्हा काढण्याची पळवाट तिनेच बंद होते. जुन्या कारकुनाने नकलेवर एका ओळीत जे लिहिले, ते आजच्या चित्रकाराने चार ओळींत लिहावे, इतकीच अपेक्षा आहे. तसे झाले तर छापील प्रतीला अस्सलाचे सोंग घेण्याचे कारण उरणार नाही, आणि ती आपल्या दर्जानेच, म्हणजे आपल्या प्रतीनेच, ओळखली जाईल.