ना बाजारात, ना मोकळी : मधल्या काळातील मराठी पुस्तकांचे काय?

मराठी पुस्तकांविषयी तीन मते आपल्याकडे चहाच्या टपरीपासून संमेलनाच्या मांडवापर्यंत ऐकू येतात. मोबाइलने वाचन संपवले, हे पहिले. फुकटच्या पीडीएफने प्रकाशक बुडवला, हे दुसरे. आणि कायदा आहे म्हणून निदान लेखकाचा हक्क तरी शाबूत आहे, हे तिसरे. बोलणारे लोक प्रामाणिक असतात आणि तिन्ही मतांत थोडेफार तथ्यही आहे. तरीही ही मते ऐकताना मला अडचण वाटते ती अशी की, त्यांत तंत्रज्ञान, व्यापार आणि कायदा या गोष्टी पाऊसपाण्यासारख्या मानलेल्या असतात. आभाळातून आल्या, आपण भिजलो. प्रत्यक्षात त्या माणसांनी ठरवलेल्या आहेत. त्यांना तारखा आहेत, कलमे आहेत, आकडे आहेत. ते तपासले तर मराठी वाङ्मयाचे सर्वांत मोठे नुकसान या तीन मतांपैकी एकातही बसत नाही, असे दिसते.

मी कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाही. पोटासाठी हिशेबनिसी करतो आणि उरलेल्या वेळात गेली वीस-बावीस वर्षे १९३० ते १९६० या काळातील मराठी कथा आणि ती छापणारी नियतकालिके शोधून वाचतो. व्यवसायामुळे कायदा ऐकीव न घेता मुळातून वाचायची सवय लागली. त्या सवयीने प्रताधिकाराचा कायदा वाचला, तेव्हा माझ्या अभ्यासातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे सापडले.

साठ वर्षे कोणासाठी?

आपल्याकडचा पहिला प्रताधिकार कायदा कंपनी सरकारच्या काळातला, १८४७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे संरक्षण होते. लेखकाच्या पश्चात हक्कदार पुस्तक छापू देत नसेल, तर सरकारने दुसऱ्याला परवाना देण्याची सोयही त्यात होती. १९१४ च्या कायद्याने ही मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांवर नेली. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा आला, तेव्हा त्यातही पन्नासच वर्षे होती.

ही पन्नासाची साठ झाली १९९२ मध्ये, आणि त्याचे कारण एका लेखकापुरते होते. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. १९९१ संपताच त्यांचे साहित्य मोकळे होणार होते आणि ते विश्वभारतीच्या हातून जाऊ नये असा आग्रह होता. म्हणून आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती करून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. कायदा एका माणसापुरता करता येत नाही. त्यामुळे ज्यांचे नावही दिल्लीत कोणी ऐकले नव्हते, अशा प्रत्येक भारतीय लेखकाची पुस्तके आणखी दहा वर्षे बंद झाली. त्यांच्या वतीने कोणी मागणी केली नव्हती आणि त्यांचे काय होईल, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रात कधी आलाच नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवण्यासारखे आहे. गांधीजींच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते. ते २००८ च्या अखेरीस संपले. नवजीवनने मुदतवाढ मागितली नाही. त्यामुळे गांधीविचाराचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

साठ वर्षांचा हिशेब मराठीत करून पाहू. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले. त्यांची कविता २०१७ च्या १ जानेवारीला मोकळी झाली. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या २०३० मध्ये मोकळ्या होतील. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आले. टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून साठ वर्षे असा वेगळा नियम कायद्यात आहे; पण लेखक कोण हे उघड झाले की मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजतात. मालतीबाई बेडेकर २००१ मध्ये गेल्या. म्हणजे १९३३ च्या या पुस्तकाचे हक्क २०६१ अखेरपर्यंत, प्रकाशनापासून एकशे अठ्ठावीस वर्षे! लेखिकेला आयुष्यभर आणि मुलांना काही काळ मोबदला मिळावा, हे रास्तच आहे. पण एकशे अठ्ठावीस वर्षांत त्या पुस्तकावर चार-पाच पिढ्यांचा हक्क येतो, आणि त्यात पहिल्या दोन पिढ्यांनंतर कोणाला आपल्याकडे काही हक्क आहे हेही ठाऊक नसते.

बाजाराने काय निवडले?

मुदत संपली की काय होते, याचे उत्तम उदाहरण साने गुरुजींचे. ते १९५० मध्ये गेले आणि २०११ पासून त्यांचे साहित्य प्रताधिकारमुक्त झाले. आज ‘श्यामची आई’ कितीतरी प्रकाशकांच्या आवृत्त्यांत, पुस्तक प्रदर्शनात अगदी स्वस्तात मिळते. म्हणजे हक्क संपल्याने पुस्तक मरत नाही. जे चालते ते जास्तच चालते. पण गुरुजींनी शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली आणि प्रदर्शनाच्या टेबलावर त्यातली मोजकीच दिसतात. बाजार आपले काम करतो. जे विकले जाईल ते छापतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण वाङ्मय जपण्याचे काम तो करील अशी आशा धरण्यातही नाही.

यातून मराठीत तीन थर पडले आहेत. १९२०-३० पूर्वीची पुस्तके मोकळी आहेत आणि बरीचशी संगणकावर सापडतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली पुस्तके दुकानात किंवा मागणीनुसार मिळतात. मधला थर, साधारण १९३० ते १९८० चा, ना बाजारात आहे ना मोकळा. त्यातली पाच-पन्नास नावे पुन्हापुन्हा छापली जातात. बाकीची पुस्तके हजारभर प्रतींची एक आवृत्ती निघून संपली, प्रकाशन बंद पडले, वारस पांगले.

समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. मराठी कथेचा इतिहास आपण लिहितो तेव्हा ‘महत्त्वाचे’ म्हणून जे घेतो, त्यातला किती भाग खरोखर महत्त्वाचा आणि किती केवळ हाताशी असलेला? नवकथेपूर्वीच्या कथेला सरसकट ‘बेतीव’ म्हणून निकालात काढणारी विधाने मी अनेकदा वाचली आहेत. त्या कथा पुन्हा वाचायच्या म्हटले तर त्या मिळतच नाहीत. जे पुस्तक तपासता येत नाही, त्याच्यावरचा निकाल पुढच्या अभ्यासकाला उद्धृत तेवढा करता येतो, खोडता येत नाही. पन्नास वर्षांनी तेच मत इतिहास म्हणून शिकवले जाते. स्त्रिया, जिल्ह्याच्या गावांतले लेखक, छोट्या प्रकाशनांकडे गेलेले दलित लेखक यांच्या वाट्याला दुसरी आवृत्ती सहसा येत नाही. त्यामुळे या न्यायाचा फटका त्यांनाच जास्त बसतो.

ग्रंथपालाची भीती

एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात मला १९४० च्या दशकातला एका लेखिकेचा कथासंग्रह मिळाला. अन्यत्र कुठे तो पाहिल्याचे मला आठवत नाही. शिवण सुटलेली, कागद बोट लावताच तुटणारा. मी ग्रंथपालांना म्हटले, “याचे फोटो काढून ठेवू या का? एक संच तुमच्याकडे, एक माझ्याकडे.” ते भले गृहस्थ, पण म्हणाले, “साहेब, कॉपीराइटचं लफडं नको. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?”

त्यांची भीती खोटी नाही. जाणूनबुजून प्रताधिकाराचा भंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. मात्र त्याच कायद्याचे कलम ५२ त्यांच्या बाजूचे आहे. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक वाचनालयाला आपल्या वापरासाठी करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने, वाचनालयाकडे असलेले पुस्तक जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवायलाही परवानगी दिली. खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा वेगळी आहेच. म्हणजे तो संग्रह वाचवणे कायद्याला मंजूर होते. हे ग्रंथपालांना कोणी सांगितलेले नव्हते. शिक्षेचे कलम कानोकानी पोचते. सवलतीचे कलम पुस्तकातच राहते.

जतन करता येते, पण पुनर्मुद्रण? त्यासाठी कलम ३१अ आहे. लेखक हयात नसेल किंवा हक्कदाराचा पत्ता लागत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी तो प्रताधिकार मंडळाकडे जाई, २०२१ नंतर न्यायालयाकडे. अर्जाआधी जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ती देशाच्या बहुतांश भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. पुस्तकाच्या भाषांतराचा परवाना हवा असेल, तर ज्या भाषेत भाषांतर करायचे तिच्या दैनिकातही. आता सोलापूर किंवा जळगावच्या एखाद्या मराठी कथालेखिकेच्या नातवंडांचा शोध घ्यायचा, तर त्यांनी दिल्ली-मुंबईचे इंग्रजी दैनिक त्याच दिवशी उघडलेले असावे, अशी ही अपेक्षा! जाहिरातीचा खर्च, वकिलाची फी आणि पाचशे प्रतींची आवृत्ती यांचा हिशेब मी मांडून पाहिला. तो कोणाही छोट्या प्रकाशकाला परवडणारा नाही.

पीडीएफ : चोरी आणि लक्षण

गेल्या महिन्यात आलेली कादंबरी या महिन्यात व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरते, ही सरळ चोरी आहे. मराठी लेखकाचे मानधन मुळात तुटपुंजे. त्यातही हात मारणाऱ्याचे समर्थन कोणी करू नये. पण “पीडीएफ आहे का?” असे विचारणारा प्रत्येक जण एकाच जातीचा नसतो. दुकानात जे मिळते ते फुकट मागणारा एक, आणि जे कुठेच मिळत नाही ते शोधणारा दुसरा. कायदा आणि आपली मते दोघांना एकाच रांगेत उभे करतात.

तंत्रज्ञानालाही असेच एकगठ्ठा दोषी धरले जाते. मोल्सवर्थचा शब्दकोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मी रोज संगणकावर पाहतो, तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेने. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संकेतस्थळावर आणला. ही कामे झाली, कारण कोणीतरी ती करायचे ठरवले. उलट, संगणकावरच जुळवलेली १९९० नंतरची कितीतरी पुस्तके युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकून पडली आहेत. त्या फाइल आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पूर्वी पुस्तकाला वाळवी लागायची. आता फाइललाही लागते, हे प्रकाशकांनी ध्यानात घ्यायला हवे.

दोन शिक्षा

छापलेले प्रत्येक पुस्तक जपले जावे म्हणूनही एक कायदा आहे, १९५४ चा. प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी, असे त्यात सांगितले आहे. त्या तिघांपैकी एक मुंबईत आहे. न पाठवल्यास मूळ कायद्यात दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत, आणि पुस्तकाची किंमत.

हे दोन कायदे शेजारी ठेवले की आपल्या व्यवस्थेचे मन कळते. पुस्तकाची नक्कल केली तर तीन वर्षांपर्यंत कैद. पुस्तक नाहीसे होऊ दिले तर पन्नास रुपये. मालकीला आपण किती जपतो आणि आठवणीला किती, याचा हा लेखी पुरावा आहे.

दिवाळी अंकाच्या वाचकांना तर हा प्रश्न घरचाच आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. समजा, १९५५ चा एखादा अंक कोणाला पूर्ण उपलब्ध करून द्यायचा आहे. त्यातला १९५६ मध्ये गेलेल्या कवीची कविता मोकळी. २००१ मध्ये गेलेल्या लेखिकेची कथा २०६१ पर्यंत बंद. निनावी लेख २०१६ पासून मोकळा. चित्रकार, व्यंगचित्रकार यांचा हिशेब वेगवेगळा. एका अंकाला वीस कुलपे, आणि निम्म्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते ठाऊक नाही. अंक मात्र संपूर्णच वाचायचा असतो. मुखपृष्ठ, जाहिराती आणि मजकूर मिळून त्या वर्षाचा महाराष्ट्र त्यात असतो.

कायदा बदलायला वेळ लागेल. मुदत कमी होणे आंतरराष्ट्रीय करारांमुळे पन्नास वर्षांच्या खाली शक्य नाही. पण बंद पडलेल्या पुस्तकांसाठी परवान्याची वाट सोपी करणे, त्या भाषेच्या दैनिकातली सूचना पुरेशी मानणे, एवढे तर संसदेच्या हाती आहे. तोपर्यंत आपल्या हातातही काही आहे. लेखकांनी करारात मुदत लिहावी; १९९४ नंतरच्या करारात ती नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो, हे माहीत असू द्यावे. आपल्या पश्चात हक्क कोणाकडे, की सर्वांसाठी मोकळे, हे मृत्युपत्रात एका ओळीत लिहावे. हयातीतही जाहीर सूचनेने हक्क सोडता येतात. आणि वाचनालयांच्या संघांनी कलम ५२ ची मराठी प्रत प्रत्येक ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवावी.

तो कथासंग्रह अजून त्याच कपाटात आहे. कायद्याने त्याला हात लावलेला नाही. कागद मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा झडतो, आणि त्या लेखिकेची मुदत संपण्याआधी त्याची मुदत संपेल.