परवानगीचा खर्च : मालेगावचा सिनेमा आणि त्यात नसलेल्या मुली

आजचा विषय पैशाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मालेगावच्या सिनेमाबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक वेड, जिद्द आणि जुगाड या तीन शब्दांत बसतं. आम्हाला आज त्या सिनेमाचा जमाखर्च बघायचा आहे. आणि तो बघून एक प्रश्न विचारायचा आहे: या गावात वाढणाऱ्या मुलीवर, तिच्या 14 ते 18 या वयावर चित्रपट करायचा झाला, तर पैसा कुठून येईल?

आधी ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात. मालेगाव हे यंत्रमागाचं गाव. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, साधारण 50 हजार रुपयांत. सायकलवर कॅमेरा लावून ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला, त्यात मागावर काम करणारा शफीक सुपरमॅन बनला. फैजा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 28 फेब्रुवारी 2025 ला चित्रपटगृहात आला.

आता त्या 50 हजारांकडे नीट बघा. एवढ्यात अख्खा चित्रपट कसा होतो? कारण खरा खर्च वहीत लिहिलेलाच नाही. पोरं फुकट राबली. रात्री उशिरापर्यंत जागली. कुणी मोटारसायकल दिली, कुणी गच्ची दिली. चहाच्या हॉटेलात बसून संवाद लिहिले गेले. थोडक्यात, मालेगावच्या सिनेमाचं भांडवल म्हणजे पोरांचा मोकळा वेळ आणि मोकळं फिरणं. रोख रक्कम त्याच्या पुढे किरकोळ होती.

हे भांडवल मुलीकडे आहे का? नाही. ती हॉटेलात बसत नाही. पार्लर तिच्यासाठी नव्हतंच. शाळा सुटली की घर, आणि घरी बऱ्याच ठिकाणी आईबरोबर कांड्या भरायचं काम. गावातली मुलगी पडद्यावर यायला तयार नाही म्हणून नट्या बाहेरून आणाव्या लागत, हे तर त्या माहितीपटातही दिसतं. ‘सुपरबॉईज’मधली तृप्तीही बाहेरूनच येते. ते पात्र चांगलं लिहिलंय, मंजिरी पुपाला यांनी ते छान केलंय. पण चित्रपट तिच्याबरोबर गावात येतो आणि पुन्हा पोरांच्या टोळीत जातो. गावातल्या मुलीची ‘नट्या बाहेरून का आणायच्या’ या प्रश्नाकडे बघायची नजर त्यात नाही. गंमत अशी, की मालेगावच्या पोरांची गोष्ट जगापुढे नेणाऱ्या दोघीही दिग्दर्शिका आहेत. पोरांच्या वाढण्याला दोन कॅमेरे मिळाले. पोरींच्या वाढण्याला वाहिलेला एकही चित्रपट आम्ही पाहिलेला नाही.

आणि हे एकट्या मालेगावचं नाही हं. मराठीत ‘वयात येण्याचे’ चित्रपट आठवून बघा. ‘दहावी फ’, ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’. चारही चांगले, चारही मुलग्यांचे. ‘सैराट’ची आर्ची आहे, पण तिचं वाढणं प्रेमकथेच्या पोटात येतं. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मधली सविता हा अलीकडचा मोठा अपवाद. तो 2023 साली टोरांटोला गेला, पुरस्कार घेऊन आला, आणि इथल्या चित्रपटगृहात यायला 2025 उजाडलं.

मग पैशाचे रस्ते कोणते? एक, सरकार. महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख, अशी ही योजना बरीच वर्षं चालली. पण ते मिळतं चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन. म्हणजे आधी ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच नंतर पैसा. शिवाय चित्रपट मराठी हवा. मालेगावची मुलगी घरात उर्दू बोलते, बाजारात खानदेशी वळणाची हिंदी बोलते. तिच्या तोंडची भाषा खरी ठेवली की ती या योजनेतून बाहेर! केरळने वेगळा मार्ग धरला. तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने दिग्दर्शिकांसाठी खास योजना काढली आणि दीड कोटीपर्यंतचा खर्च स्वतः उचलला. चित्रपट होण्याआधी! तारा रामानुजन यांचा ‘निषिद्धो’ त्यातूनच झाला. आपल्याकडे ही मागणी जोरात का होत नाही?

दोन, परदेशी निधी. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला 2024 साली कानमध्ये ग्रां प्री मिळाला, त्यामागे फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्गचा पैसा होता. हा रस्ता चांगला आहे, पण त्यावर एक टोलनाका आहे. मुस्लिम गावातली मुलगी म्हटलं, की तिथल्या टेबलावर बुरखा, बंद खिडकी आणि सुटका हे चित्र आधीच तयार असण्याची भीती असते. मग मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताचा धसका, पहिल्या मोबाइलची लपवाछपवी या गोष्टी कथेतून गळायला लागतात. निधी देणाऱ्याला मुलगी हवी असते की पीडित मुलगी, हे करार करताना विचारायलाच हवं.

तीन, यूट्यूब. मालेगावच्या छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिलेत. मालेगावचा पैसा आज तिथे आहे. पण जाहिरातीचा पैसा दहा मिनिटांच्या हशाला मिळतो. हळू वाढणाऱ्या मुलीला तो थांबत नाही.

आता जरा बाहेर बघू. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लेस्ली हॅरिस यांनी ‘जस्ट अनदर गर्ल ऑन द आय.आर.टी.’ केला. एका कृष्णवर्णीय, शहरी, हुशार आणि उद्धट मुलीची गोष्ट. चित्रीकरण 17 दिवसांत उरकलं, छोट्या छोट्या अनुदानांची गोळाबेरीज करून. 1993 साली सनडान्सला त्याचा गौरव झाला. आणि मग? दुसऱ्या चित्रपटाच्या पैशासाठी हॅरिस यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. कौतुक पहिल्या चित्रपटाच्या काटकसरीचं झालं, आणि बाई पुन्हा काटकसर करेल असं सगळ्यांनी धरून चाललं. जुगाडाच्या कौतुकात हा धोका आहे.

याउलट लंडनचा ‘रॉक्स’, 2019. त्यात शाळकरी मुलींबरोबर आधी कार्यशाळा घेतल्या, त्यांच्याच बोलण्यातून कथा घडली, मग कॅमेरा आला. त्या तयारीचा काळ हा खर्चाचा भाग होता, कुणाचं फुकट श्रमदान नव्हतं. आणि इतकं लांब जायची गरजही नाही. पुण्यात 1985 साली सुमित्रा भावे यांनी ‘बाई’ केला तो झोपडपट्टीतल्या स्त्रियांच्या संशोधनातून. समाजशास्त्राच्या कामाचं पुढचं पाऊल म्हणून कॅमेरा हातात आला. आधी ऐकायचं, मग दाखवायचं, हा मार्ग मराठीत चाळीस वर्षांपूर्वी आखला गेलाय.

तर आमचं म्हणणं असं. मालेगावच्या मुलीवरचा चित्रपट मुलांच्या चित्रपटापेक्षा स्वस्त होणार नाही, महागच होईल. कारण मुलांना जे फुकट मिळालं ते इथे विकत घ्यावं लागेल. घरच्यांशी बोलायला सहा महिने. सरावासाठी शाळेतली खोली. मुलींना आणणारी-सोडणारी बाई. बायकांचं तांत्रिक पथक. कांड्या भरण्याचा बुडालेला रोज. आणि चित्रपट झाल्यावर तो आधी कुणाला दाखवायचा, कुठलं दृश्य काढायचं, हे ठरवण्याचा मुलींचा हक्क. याला आम्ही परवानगीचा खर्च म्हणतो. अंदाजपत्रकात त्याची ओळ नसेल, तर तो खर्च मुलीच भरतात, बदनामीच्या रूपाने.

कुणी म्हणेल, एवढा पैसा गावातून उभा राहील का? ‘मंथन’ आठवा. 1976 साली गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी 2-2 रुपये दिले, 10 लाख झाले, आणि आपलाच चित्रपट बघायला ते ट्रक भरभरून आले. मात्र त्यामागे सहकारी संघ होता, वर्गणी कापून घ्यायची सोय होती. मालेगावात कांड्या भरणाऱ्या बायकांचा असा संघ असता तर हिशेब सोपा झाला असता. त्यामुळे वर्गणीने सुरुवात होईल, मान राहील, पण सगळा भार त्यांच्यावर टाकणं म्हणजे पुन्हा तोच जुगाड. मोठा वाटा सरकारने, आधी आणि भाषेची अट न घालता द्यावा. अनुदानाच्या नियमात या दोन दुरुस्त्या कागदावर एका पानात बसतात. इथे बसलेल्यांपैकी आणि ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचा चित्रपट महामंडळाशी संबंध येतो, त्यांनी ते पान लिहायला घ्यावं, एवढीच विनंती. आता प्रश्न घेऊ.